आक्काच्या न्हाणीचं पाणी

आक्का, काल तुझा दहावा झाला. नदीच्या कोरड्या पात्रात भावजींनी पिंड ठेवला, मागं सरून नीट उभेही राहिले नव्हते, तोवर कावळा आला. बसला, शिवला, गेला. भाऊकीतल्या बायांनी हात जोडले. "बाईचं कशातच मन अडकलं न्हवतं," सुलाबाई म्हणाली, "सुटली बिचारी." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मला, खरं सांगते, तुझा असा राग आला की त्या कावळ्याच्या मागं खडा घेऊन धावावं वाटलं. काहीच राहिलं नव्हतं का तुझं? दुसऱ्यांच्या दहाव्याला लोक उन्हात ताटकळतात, पोरीचं बघू, म्हाताऱ्याचं बघू म्हणत विनवण्या करतात. मी तर घरून ठरवून आले होते. कावळा अडला की पुढं व्हायचं आणि चारचौघांत म्हणायचं, आक्का, गांडुळं मी जगवते. बोलायची पाळीच आली नाही. आपलं भांडण अर्ध्यात टाकून गेलीस आणि मला हार मानायचीसुद्धा संधी दिली नाहीस.

लोकांना वाटतं जावाजावांचं भांडण म्हणजे वाटणीचं, नाहीतर दागिन्याचं. आपल्या घराच्या वाटण्या झाल्या, मधी भिंत आली, तेव्हा आपण दोघी तोंडातून शब्द न काढता आपापली भांडी उचलून मोकळ्या झालो. भांडलो ते गांडुळांवरून. हे कुणाला सांगितलं तर खुळ्यात काढतील.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीचा शिमगा आठवतो का गं? अंगण, परसू, बांध झाडून पाचोळ्याचा ढीग लावायचा आणि संध्याकाळी पेटवून द्यायचा, ही आपल्याकडची रीतच. ज्या घरामागं धूर निघाला नाही ती बाई आळशी. मी नवी, मला कामाची हौस दाखवायची होती. ढीग लावला आणि काडी ओढली, तर तू मागून येऊन तांब्याभर पाणी ओतलंस त्याच्यावर. मला वाटलं काहीतरी अशुभ झालं माझ्या हातून. तू म्हणालीस, "कावून जाळती गं? वर्षभर झाडानं खाल्लं ते जमिनीला परत द्यायचं आन् तू धूर करून वर धाडती." मग तो ओला ढीग तूच पदराच्या ओच्यात भरून शेवग्याखालच्या खड्ड्यात नेऊन टाकलास. त्या वेळी गांडुळांचं नावही आपल्याला ठाऊक नव्हतं. नुसती तुझी आपली खोड होती, टाकवत नाही म्हणून ठेवायचं.

गांडुळं आली ती डेअरी बंद पडल्यावर. त्या दुष्काळात गावातली जनावरं आधी छावणीत गेली आणि तिथून बाजारात. दूधच नाही तर दूध संस्था कशाला? डेअरीच्या शेडात रिकामे कॅन आणि पाली राहिल्या. आपण बायांनी महिला सोसायटी काढली तेव्हा सगळ्या म्हणत होत्या, पापड करू, लोणची करू. तू म्हणालीस, "पापड आपल्याच घरात खपत न्हाईत, तुमी कुणाला इकनार? ते शेड घ्या मागून. खत करू." पुरुषांनी शेड दिलं, कारण त्यांना ते कशालाच नको होतं. आणि देताना भावजी काय म्हणाले होते, ते मी तुझ्यापुढं कधीच बोलले नाही. म्हणाले, "द्या रे. आमची बाई घरात सापडंना तर कुठं शोधायची ते तरी कळंल."

मांजरसुंब्याकडं एका शेतकऱ्याचं शेत बघायला आपण दोघी गेलतो. त्यानं ओल्या पोत्यात शेण-पाल्यासकट गांडुळं बांधून दिली. फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो, तर तू मला रबडी खाऊ घातलीस आणि स्वतः नुसती बोटानं चाटलीस, कारण दुसऱ्या हातानं पोतं सावलीत धरायचं होतं. गाडीत पोतं मांडीवर. पाटोद्याच्या पुढं त्यातनं पाणी गळायला लागलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, मटण हाय का? तू म्हणालीस, "न्हाई, पाव्हणे हायेत." सगळी गाडी पोत्याकडं बघत राहिली आणि मी खिडकीबाहेर तोंड करून हसू दाबत बसले. आष्टीला उतरेपर्यंत तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि तुझी मान अशी ताठ, की जणू माहेरून पाळण्यातलं लेकरू घेऊन निघालीस.

शेडात विटा लावून गांडुळांसाठी केलेल्या पहिल्या बेडाची काय दैना केली आपण. पाला कमी पडत होता, म्हणून तू देवळाच्या पारावरचा लिंबाचा सगळा पाचोळा झाडून आणलास. पाडव्याला आपण लिंब खातो, बाळंतिणीला त्याच्या पाण्यानं न्हाऊ घालतो, गोवर आला तर उशाला ठेवतो. देवाच्या दारचा पाला, त्याहून चांगलं काय? मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडात गेलो तर गांडुळं बेडाच्या भिंती चढून बाहेर. फरशीवर, कॅनखाली, उंबऱ्याला, जिकडं बघावं तिकडं. तू मटकन खाली बसलीस आणि एकेक उचलून ओल्या तरटात ठेवायला लागलीस. मी म्हणाले, "माणसाला चालतंय ते यांला कावून चालंना?" तू मान वर न करता म्हणालीस, "ज्यानं जंत मरत्यात ते गांडुळाला कसं चालंल गं? एवढी शेंबडी पोर सांगंल. आपल्या दोघीत एकीला सुदिक सुचलं न्हाई." आणि मग अशी हसलीस की मिश्री लावलेले तुझे काळे दात मला पार दाढेपर्यंत दिसले. पुढं कितीदा तरी, काही चुकलं की आपण एकमेकींना विचारायचो, लिंब घातला का? दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ लागायचा नाही.

ज्या वर्षी आम्ही ऊसतोडीला गेलतो, त्या वर्षी माझी पोरं तुझ्याकडं होती. फडावरच्या पाचटाच्या कोपीत रात्री भाकरी टाकताना तुला फोन लावायचे. मी विचारायचे पोरांचं आणि तू सांगायचीस बेडाचं. "पोरं बरी हायेत, खात्यात, भांडत्यात. पर आगं, गांडुळं लई झाली. पोतं उचललं की नुसती वळवळ." मी चिडायचे. फोन ठेवल्यावर मात्र त्याचंच बरं वाटायचं. जिच्या हाताखाली गांडूळ उपाशी राहत नाही तिच्याकडं माझी पोरं काय राहणार आहेत, असं मनाशी म्हणून झोपायचे.

आणि खत काढायचे दिवस, आक्का. ते मला सगळ्यात जास्त आठवतात. पाणी बंद करून बेड सुकू द्यायचा, मग बाहेर उन्हात त्याचे ढीग घालायचे, म्हणजे गांडुळं उन्हाला भिऊन तळाला जातात. फावडं लावायचं नाही, कापली जातात. आपण दोघी समोरासमोर फतकल मारून बसायचो आणि वरवरचं खत हातानं ओढत राहायचो. थोडं ओढायचं, थांबायचं, ती आणखी खाली गेली की पुन्हा ओढायचं. त्या थांबण्यात काय काय बोललो आपण. तुला लेक झाली आणि पुन्हा कूस भरली नाही त्याबद्दल, मी माहेरी निघून गेले होते त्या महिन्याबद्दल, सासूबाईंच्या अखेरच्या दिवसांबद्दल. घरात बसून ही बोलणी झाली नसती. हात खतात आणि नजर खाली असली की बाईला बोलता येतं. खत कसं निघायचं, चहाच्या भुकटीगत, हाताला न चिकटणारं. तू मुठीत घेऊन वास घ्यायचीस आणि मग माझ्या नाकापाशी धरायचीस, दर वेळी. शेणाचा वास गेलाय ना बघ म्हणायचीस. त्या खतावर ज्या रानात तूर होती ती पावसानं ताण दिल्यावरही माना टाकायला उशीर लावायची, एवढं माझे मालकही कबूल करतात. पण मला त्या तुरीचं नाही गं काही. मला ते समोरासमोर बसणं पाहिजे. आता कुणाबरोबर बसू?

यंदाच्या उन्हाळ्यानं सगळं विसकटलं. बोअर आटले, विहिरीत दगड दिसले, टँकर सुरू झाला आणि त्याचाही भरवसा नाही. सोसायटीची बैठक शेडातच झाली. बाया म्हणाल्या, बेड सुकू द्या. मीही उठून तेच बोलले, चांगलं ठणकावून. "आधी माणसांला पाणी, मग जनावरांला. किड्यांचं त्याच्या मागून. पाऊस पडला की दुसरी गांडुळं आणू."

तू कोपऱ्यातून म्हणालीस, "दुसरी येतील. हीच येनार न्हाईत."

"गांडुळात ही आन् ती काय असतंय, आक्का?"

बाया हसल्या. तू नाही हसलीस. "आपल्या पाल्यावर वाढल्यात ती. आपला उन्हाळा त्यांनी काढलाय, एक न्हाई, लई उन्हाळे. दुसरीला हे सगळं पहिल्यापास्नं शिकावं लागंल. आन् आपल्यालाबी."

"मग पाणी कुठून आणायचं ते सांग की."

तू नुसतं म्हणालीस, "बघू." आणि उठून गेलीस. त्या 'बघू'वर आपलं भांडण थांबलं ते आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बघते तर तू शेडातून घमेली भरभरून घराकडं नेत होतीस. परसात न्हाणीच्या दगडापासून एक चारी काढलीस, तिच्या तोंडाशी खड्डा करून विटा लावल्यास, वर तुराट्यांचा मांडव घातलास. सगळ्या बेडांतली निवडक गांडुळं त्या एका बेडात. अंगाला साबण लावायचं सोडून दिलंस, हरभऱ्याचं पीठ लावायला लागलीस. भावजींना तर आयतंच मिळालं. "गांडुळासाठी साबण सोडला," ते पारावर सांगायचे, "नवऱ्यासाठी कवा मिश्री सुटली न्हाई." स्वतः मात्र ते मुकाट पलीकडं मोरीत आंघोळ करायला लागले.

मी भिंतीवरून डोकावून टोमणे मारायचे. "आंघोळ करतीस का गांडुळं पाजतीस?" तू अंगावर तांब्या ओतत म्हणायचीस, "दोन्ही." मी म्हणायचे, "बघू किती दिवस." तू म्हणायचीस, "बघ की." आपण अशाच होतो. मला वाटायचं पाऊस पडेल, तू जिंकशील, मग आयुष्यभर मला ऐकवशील, आणि मी त्याची तयारीही करून ठेवली होती. कसं तोंड वाकडं करायचं, काय उलट बोलायचं. पाऊस यायच्या आधी तूच गेलीस. सकाळी चुलीपाशी बसलीस, छातीत कळ आली म्हणालीस, आणि मी भिंतीला वळसा घालून येईपर्यंत संपलं होतं.

तुला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हाचं तुला सांगायचंय. तू सवाष्ण गेलीस, हळद-कुंकू, हिरवं लुगडं, सगळं आणलं होतं. बाया म्हणाल्या, अंगणात पाट मांडा. मी म्हणाले, न्हाणीच्या दगडावरच घाला, रोजची तिची जागा हाय. ते मानलं त्यांनी. मग तुझी लेक रेखा कडा गावाहून आली ती येताना वासाचा साबण घेऊन आली. रडत रडत म्हणाली, "माझ्या आईला जन्मात चांगला साबण मिळाला न्हाई. आज तरी लावू द्या." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साबण नगं, रेखा, खाली गांडुळं हायेत."

सुलाबाई माझ्या अंगावरच आली. "मढं अजून गार न्हाई झालं आन् हिला किडे सुचत्यात. तूच म्हनत व्हतीस ना गं, आधी माणसं?" रेखाच्या हातातल्या त्या साबणाकडं बघितलं आणि नाही म्हणवेना. त्या पोरीचंही काय चुकलं होतं? मी मधी बोलायचं सोडलं आणि दगडाच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिले, चारीच्या तोंडावर टाच घट्ट दाबून. रेखानं तुला साबण लावला, पाठीला, पायांना, केसांना, लहान लेकराला लावावा तसा. ते फेसाचं पाणी माझ्या पावलावरून अंगणात गेलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. भावजी दारात उभे होते, त्यांची नजर माझ्या पायावर होती.

आणि पाणी किती आलं, आक्का. ज्या बाया टँकरपाशी एका कळशीवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, त्या आपापल्या घरची घागर घेऊन आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. उन्हाळ्यात तू एवढं पाणी अंगावर कधी घेतलं नव्हतंस. फेस निघून गेला, नुसतं पाणी उरलं, मग मी टाच उचलली. शेवटच्या घागरी तुझ्यावरून चारीत गेल्या आणि चारीतून बेडात. सुलाबाईची घागर सगळ्यात शेवटची होती.

त्यानंतर घरात पाहुणेच पाहुणे. न्हाणीत जो तो साबण लावून आंघोळ करणार, म्हणून मी चारी मातीनं बुजवून टाकली आणि बेडावर रोज माझ्या घरचा एक तांब्या शिंपडत राहिले. एका तांब्यानं काय होतं? तरट वरून वाळत चाललं. रोज हात घालून बघायचे, खाली ओल लागते का. काल दहाव्याहून आल्यावर पाहुणे पांगले. मी भावजींना विचारलं, "भावजी, उद्यापास्नं माझी आंघोळ तुमच्या न्हाणीत करू का?" वाटण्या झाल्यापासून ह्या घरची बाई त्या घरी आंघोळीला गेलेली नाही, तुला ठाऊक आहे. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "दगड धुवून ठिवतो."

आज पहाटे माझ्या वाट्याची बादली उचलून भिंतीला वळसा घालून आले. दगड खरंच धुतलेला होता आणि चारीतली माती काढलेली होती. हरभऱ्याच्या पिठाची तुझी वाटी अजून कोनाड्यात होती. आधी तरट उचलून हात खोल घातला. वरचा थर कोरडा, पण त्याखाली गार लागलं आणि बोटांना वळवळ लागली. आहेत, आक्का. थोडी आहेत, पण आहेत.

मग दगडावर बसले. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तो पायावरून चारीत उतरताना बघितला, तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आधी माणसांला, मग किड्यांला, असं मी बैठकीत ओरडून सांगत होते आणि तू परसात तेच करत होतीस. पाणी आधी तुझ्या अंगावरून जायचं, मग त्यांच्याकडं. एवढं जर तू त्या दिवशी बोलली असतीस तर भांडण तिथंच मिटलं असतं. कावून नाही बोललीस? तरी मी चुकले असं म्हणणार नाही बरं का. शेडातले सगळे बेड जगवायला गावात पाणी नव्हतंच, आणि तू असतीस तर हे मी आजही तुला भिंतीवरून ऐकवलं असतं, आणि तू दोन शब्दांत माझं तोंड बंद केलं असतंस. तेच दोन शब्द ऐकायला मी बसले होते तिथं. पलीकडं भिंतीवरून कुणी डोकावलं नाही.

सगळ्यांसमोर मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं, आणि मी आवरलं नाही. तांब्यातलं पाणी, डोळ्यातलं पाणी, सगळं एकत्र दगडावरून चारीत जात होतं. साबण चालत नाही, सोडा चालत नाही, मिठाचं पाणी तर अजिबात चालत नाही, हे सगळं तूच शिकवलंस मला. रडलेलं पाणी चालतं का, ते विचारायचं राहून गेलं. आता कुणाला विचारू?